घर बदलताना अख्खं झाड न्यायचं की फांदी?
कुंडीतल्या झाडांचं सोपं आहे, उचलून नेता येतात. घोळ होतो जमिनीतल्या झाडांचा. जुना गुलाब किंवा जास्वंद मुळासकट खणायला गेलं की पाणी शोषणारी बारीक मुळं तिथेच तुटून राहतात, मग वरची पानं कोमेजतात आणि ऐन उन्हाळ्यात तर झाड जगणं अवघडच. लहान रोप असेल तर मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून न्या, चालतं.
मोठ्याला मी तरी हात लावणार नाही, त्यापेक्षा दोनेक महिने आधी पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या कापून, खालची पानं काढून ओलसर मातीत लावायच्या, सावलीत ठेवायच्या. चार-पाच जास्तच लावा, सगळ्या काही जगत नाहीत. फुलांना वेळ लागेल, पण गुण अगदी त्याच झाडाचे, आणि मूळचं झाडही शाबूत राहतं.