कॉल तुटतोय : डब्ल्यूएमएम की एसक्यूएम?
कॉल अडखळतो, तर राउटरमधलं डब्ल्यूएमएम (वाय-फाय मल्टिमीडिया, वाय-फायवर कोणता डेटा आधी जाईल ते ठरवणारी सोय) बघू की एसक्यूएमवाला (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, इंटरनेट जोडणीवरची डेटाची रांग आवरणारी सोय) राउटर घेऊ, असा प्रश्न आलाय. दोन्हींची कामाची जागाच वेगळी.

डब्ल्यूएमएम हवेतली, म्हणजे वाय-फायवरची रांग सांभाळतं. आवाज, व्हिडिओ, साधा डेटा, मागे चालणारा डेटा असे चार वर्ग; आवाजाच्या पॅकेटला (डेटाच्या छोट्या तुकड्याला) सर्वांत कमी थांबावं लागतं. खर्च शून्य, बहुतेक राउटरवर चालूच असतं. (बंद करू नका, ८०२.११एन या वाय-फाय प्रकाराचा वेग थेट ५४ एमबीपीएसवर येतो.) गोम एवढीच, की अ‍ॅपने पॅकेटवर ‘हा आवाज आहे’ अशी खूण केली नसेल तर कॉलही साध्या डेटात ढकलला जातो.

एसक्यूएम इंटरनेटच्या तोंडाशी बसतं. कुणी मोठी फाइल अपलोड करायला घेतली की बफरमध्ये (पुढे जाण्याआधी डेटा थांबतो त्या जागेत) पॅकेटं तुंबतात आणि आवाज उशिरा पोचतो. एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांपुढे गेला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. एसक्यूएम हे तुंबणं रोखतं, खूण असो वा नसो. बदल्यात थोडा वेग जातो, प्रोसेसर दमदार लागतो, सेटिंगची खटपट वेगळी.

तारेने जोडूनही अपलोडच्या वेळी कॉल अडखळत असेल तर एसक्यूएमच घ्या. फक्त वाय-फायवर तुटत असेल तर पैसे वाचवा : डब्ल्यूएमएम चालू ठेवून वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर या.