क्योटोचा डीएसटी तक्ता: चुंबकीय वादळ मोजणारी एक विनामूल्य सेवा

सौर वादळाची बातमी आली, की मोबाइल जळतील, वीज जाईल, असे संदेश काही तासांत गावभर फिरतात आणि खगोलमंडळात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ‘यात खरे किती?’ असे विचारणारे फोन येऊ लागतात. अशा वेळी मी सर्वांत आधी एकच पान उघडतो. ते म्हणजे जपानमधील क्योटो विद्यापीठात चालणाऱ्या भूचुंबकत्वाच्या जागतिक विदा केंद्राचा, सौर वादळामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती हलले हे सांगणाऱ्या डीएसटी निर्देशांकाचा मासिक तक्ता. तो पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत की नावनोंदणी लागत नाही. अवकाश हवामानाच्या ज्या सेवा मी वापरून पाहिल्या, त्यांत आपल्या अक्षांशावर राहणाऱ्या माणसाला सर्वांत जवळची हीच वाटली.

याचे कारण निर्देशांकाच्या घडणीत आहे. वादळाच्या वेळी विषुववृत्ताभोवती, पृथ्वीपासून काही पृथ्वी-त्रिज्यांच्या अंतरावर, विद्युतभारित कणांचा पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह बळावतो, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या मूळ क्षेत्राच्या विरुद्ध असल्यामुळे जमिनीवरच्या क्षेत्राचा आडवा घटक (जमिनीला समांतर असलेला भाग) घटतो. ही घट काकिओका, होनोलुलू, सान हुआन आणि हर्मानस या चार वेधशाळांच्या नोंदींवरून काढली जाते. चारही ठिकाणे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यापासून दूर आहेत, आणि चुंबकीय विषुववृत्तावर उंच हवेत वाहणाऱ्या विद्युतझोतापासूनही. चुंबकीय खळबळ मोजणारा, सर्वत्र चर्चेत असणारा केपी हा दुसरा निर्देशांक मुख्यतः बऱ्याच उत्तरेकडच्या वेधशाळांवर उभा आहे. ध्रुवीय प्रकाश दिसेल का, हे जाणून घेण्यासाठी तो उत्तम, पण रायगडच्या किनाऱ्यावर चुंबकीय क्षेत्र किती हलले याचा अंदाज घ्यायला डीएसटीच बरा.

मे २०२४ च्या वादळात या सेवेची खरी पारख झाली. ११ मे रोजी आपल्याकडे सकाळचे आठ वाजत असताना तक्त्यातील आकडा उणे ४१२ नॅनोटेस्लापर्यंत (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) उतरला होता. नोव्हेंबर २००३ नंतर एवढी खोल घट झालेली नव्हती. अलिबागला आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. म्हणजे ही घट साधारण एक टक्क्याची. फोन करणाऱ्यांना मी हेच प्रमाण सांगतो आणि बहुतेकांची भीती तेवढ्याने ओसरते. क्वेबेकची वीज ज्या वादळात नऊ तास गेली, त्या मार्च १९८९ च्या वादळात आकडा उणे ५८९ होता. तिथेही संकट आले ते उत्तर अक्षांशावरच्या लांबच लांब वीजवाहिन्यांवर. घरातल्या उपकरणांचा तिथे प्रश्न नव्हता.

नंतर हाच मे २०२४ चा किमान आकडा उणे ४०६ असा सुधारला गेला. नवख्या वाचकाचा इथे गोंधळ होतो, पण मला हा सेवेचा मोठा गुण वाटतो. तात्कालिक (लगेचचे आकडे), हंगामी (तात्पुरते सुधारलेले) आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांची नावे केंद्राने स्पष्टपणे वेगळी ठेवली आहेत, आणि तात्कालिक आकड्यांत चूक असू शकते, ही सूचनाही दिलेली आहे. पृथ्वीच्या गाभ्यातून येणारे मूळ क्षेत्र स्वतःच वर्षानुवर्षे हळूहळू बदलत असते, शांत दिवसांतही सूर्यामुळे त्याला रोजची भरतीओहोटी असते, आणि हे दोन्ही बाजूला काढल्याशिवाय वादळाचा शुद्ध वाटा हाती येत नाही. त्यामुळे अंतिम आकड्यांना वर्षे लागतात, आणि ती लागावीत.

खरी मर्यादा आहे ती तासाच्या सरासरीची: तक्त्यातला प्रत्येक आकडा एका तासाची सरासरी असतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी, मध्यान्हाच्या थोडे आधी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून घेतलेल्या नोंदींत आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेला दिसतो. जगात त्या वादळाची एवढी मोलाची कमी अक्षांशावरची नोंद दुसरी नाही, आणि ती आपल्या मुंबईची आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण याच नोंदीची तासाची सरासरी काढली, तर घट सुमारे ८५० वर येते. म्हणजे वादळाचे टोक निम्मे बोथट होते. क्योटोचेच केंद्र मिनिटागणिक मोजलेला सिम-एच निर्देशांकही देते, आणि मे २०२४ मध्ये तो उणे ५१८ पर्यंत गेला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे, परंतु मुख्य तक्ता पाहणाऱ्याला हे कुणी सुचवत नाही. (कुलाब्याची परंपरा पुढे अलिबागला गेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये तिथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, आणि दोन्हीकडे काही काळ समांतर नोंदी घेतल्यामुळे मालिका तुटली नाही.)

वरच्या वातावरणाविषयी मात्र या तक्त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ पैकी ३८ उपग्रह गमावले गेले, तेव्हा डीएसटी उणे १०० पर्यंतही उतरला नव्हता. ध्रुवीय भागात शिरलेल्या ऊर्जेने विरळ हवा तापून फुगली आणि खालच्या कक्षेतील उपग्रहांना होणारा रोध वाढला. वलयप्रवाहाचा आकडा ही गोष्ट सांगू शकत नाही. त्यासाठी ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातील विद्युतप्रवाहांची तीव्रता दाखवणारा, केंद्राचाच एई निर्देशांक अधिक उपयोगी. तसेच सूर्यास्तानंतर आपल्या आकाशात आयनांबरात (वरच्या वातावरणाच्या विद्युतभारित थरात) तयार होणारे प्लाझ्माचे बुडबुडे, ज्यांनी जीपीएसचे संकेत थरथरतात, ते शांत दिवशीही येतात. सर्वेक्षणाचे काम करणाऱ्याने डीएसटी शून्याजवळ दिसला म्हणून निर्धास्त राहू नये.

मांडणी जुन्या वळणाची आहे: एका दिवसाची एक ओळ आणि चोवीस तासांचे चोवीस आकडे. आकडे उणे १०० च्या खाली गेले, की रकान्यांतली मोकळी जागा संपते आणि संख्या एकमेकींना चिकटतात. नेमके वादळातच वाचणे कठीण होते, ही त्रुटी मला गंभीर वाटते. वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार आहेत, त्यांत साडेपाच तास मिळवावे लागतात. पुढचा अंदाज इथे मिळत नाही. त्यासाठी अमेरिकेतील बोल्डर येथील अवकाश हवामान अंदाज केंद्राकडेच जावे लागते.

एवढे असूनही शिक्षकांना, हॅम रेडिओ चालवणाऱ्यांना आणि विज्ञानाविषयी लिहिणाऱ्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. सुरुवात करणाऱ्याने मे २०२४ चे पान उघडावे, आपल्याकडच्या १० तारखेच्या रात्री साडेदहापासून ११ तारखेच्या सकाळी आठपर्यंत आकडे किती वेगाने खाली येतात ते बोटाने ओळीवरून पाहत जावे, आणि मग ते पूर्वस्थितीला यायला किती दिवस घेतात तेही मोजावे.