भेंड्या, डबा की शेताची फेरी? लेकरांचे शब्द वाढवायला काय निवडावं

कापूस वेचणीच्या दिवसांत घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. रोज एकच खेळ जमणार असेल, तर तो विचार करूनच निवडावा लागतो.

शब्दभेंड्या सगळ्यात सोप्या, भाकरी थापता थापताही चालतात. पण त्यात लेकरू येत असलेलेच शब्द काढतं. नवा शब्द कानावर पडला तरी अर्थ विचारायला कोणी थांबत नाही, डाव पुढं पळतो. शेवटचं अक्षर ओळखता यावं लागतं, म्हणून दुसरी-तिसरीपासून पुढंच ठीक. 'केळ', 'बाण' आले की आधीचं अक्षर घ्यायचं, हे ठरवून ठेवा. ळ आणि ण नं मराठीत शब्द सुरूच होत नाही.

लहानग्यांसाठी मी डोळे झाकून भुलाबाईचा डबा निवडेन. भुलाबाईच्या सणात गाणी झाली की पोरी डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात ना, तोच खेळ वर्षभर घरात खेळा. झाकणबंद डब्यात मूठभर काहीतरी टाका आणि वाजवून दाखवा.

"गोड का खारट?"
"खारट."
"तळलेलं का भाजलेलं?"
"भाजलेलं."
"टरफल आहे का?"

फुटाणे की शेंगा इथवर येईतो टरफल, खमंग, कुरकुरीत हे शब्द तोंडात बसतात, कारण नेमकं विचारल्याशिवाय खाऊ हाती येत नाही. एखाद्या दिवशी आवळा ठेवा. तुरट म्हणजे काय, हे सांगून कळत नाही, चावल्यावर कळतं.

शेताच्या फेरीत शब्द सगळ्यात जास्त, पण ती सुटीच्या दिवशीच जमते. वखर, डवरा, तिफण ही अवजारं, सरकी (कापसाचं बी), कुटार (जनावरांचा भुसा), धुरा (शेताचा बांध) यांना हात लावू द्या आणि नुसतं नाव नको, "डवऱ्यानं काय करतात?" असं विचारा. पोरानं पूर्ण वाक्यात सांगावं. घरचं भेदरं आणि शाळेतला टोमॅटो, दोन्ही राहू द्या. सारखं टोकलं की लेकरू बोलायचंच कमी करतं. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या घरांत आधी आपल्या भाषेत खेळावं, मराठी शब्द मागून जोडावे.

मोबाईलवरचा व्हिडिओ तुम्ही सोबत बसून, मधे थांबवून प्रश्न विचारणार असाल तरच लावा. वाचता येणाऱ्यांसाठी मात्र त्याच मोबाईलवर 'किशोर'चे जुने अंक फुकट वाचता येतात. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं. एक पान मोठ्यानं वाचू द्या आणि अडलेला शब्द दुसऱ्या दिवशीच्या भेंड्यांत अर्थासकट काढायला लावा.