ओपन आरसीटी २ : काही महिन्यांच्या वापरानंतर, जिऑगा लेकच्या निमित्ताने

करमणूक उद्यान उभारून ते चालवण्याचा, ख्रिस सॉयर या स्कॉटिश प्रोग्रामरचा रोलरकोस्टर टायकून (आरसीटी) हा संगणकीय खेळ १९९९ मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग २००२ मध्ये. हौशी प्रोग्रामरांनी एकत्र येऊन या दुसऱ्या भागाचे अंतरंग नव्याने लिहून काढले, त्याचे नाव ओपन आरसीटी २. हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. मात्र चित्रे आणि आवाज बव्हंशी मूळ खेळातूनच घेतले जात असल्याने मूळ खेळ आपल्याकडे विकत घेतलेला असावा लागतो. जुन्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो आणि काळ भरभर पुढे नेण्याची सोय असल्याने पार्कची दहा-पंधरा वर्षे एका संध्याकाळी पाहून होतात. इतकी माहिती कोणत्याही परीक्षणात मिळेल. मी हा खेळ एका ठरावीक हेतूने वापरला आणि हा अनुभवही त्याच अंगाने लिहितो आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या आग्नेयेस ऑरोरा गावाजवळ, जिऑगा लेक नावाचे करमणूक उद्यान होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने येणाऱ्या सहलींचे तळे म्हणून त्याची सुरुवात झाली आणि २००७ मध्ये ते बंद पडले. बंद पडण्याच्या अवघी सहा वर्षे आधी त्याने आपल्या इतिहासातील सर्वाधिक गर्दी पाहिली होती. असे का झाले, हे खेळात उभे करून पाहता येईल का, हा माझा प्रश्न होता. मध्ये तळे, एका काठावर रोलरकोस्टर, दुसऱ्या काठावर पाण्याचे पार्क, असा नकाशा खेळातच दिलेल्या नकाशे बनवण्याच्या साधनात तयार करणे फारसे अवघड नाही.

पार्क चालवताना जे डोळ्यांसमोर घडते ते दाखवण्यात या खेळाचा हात धरणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही. कोणत्याही पाहुण्यावर क्लिक केले की त्याच्या मनात काय चालले आहे ते वाचता येते. या राइडसाठी इतके पैसे मोजणार नाही, रांगेत फार वेळ गेला, बाहेर जायचा रस्ता सापडत नाही, आता घरी जायचे आहे, असे विचार एकाखाली एक उमटत राहतात. एकदा पाण्याच्या पार्काकडून परत निघालेल्या एका पाहुण्याचा मी बराच वेळ माग काढला. तळ्याला वळसा घालणाऱ्या वाटेवर मी पुरेशी बाके ठेवलेली नव्हती. त्याची ऊर्जेची पट्टी उतरत गेली, मग आनंदाचीही उतरू लागली, आणि समोर माझी सर्वांत महागडी राइड रिकामी धावत असताना हा गृहस्थ तिच्याकडे न बघता थेट फाटकाकडे गेला. दोन्ही काठ एका तिकिटात जोडले की माणूस दोन्ही ठिकाणी दुप्पट पैसे खर्च करत नाही, तो दुप्पट थकतो. हे इतक्या स्वच्छपणे एखाद्या लेखातून कळले नसते.

प्रत्यक्षातील जिऑगा लेकमध्ये नेमकी हीच जोडणी झाली होती. तळ्याच्या दुसऱ्या काठावर १९७० पासून सीवर्ल्डचे सागरी प्राण्यांचे उद्यान होते. सीवर्ल्डची बाकीची उद्याने कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये होती. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात असलेले हे एकटेच. मुख्य पार्काची मालकी १९९५ मध्ये प्रीमियर पार्क्सकडे आली. त्याच कंपनीने १९९८ मध्ये सिक्स फ्लॅग्ज ही उद्यानांची साखळी विकत घेऊन पुढे तेच नाव धारण केले आणि २००० च्या हंगामात जिऑगा लेकचे सिक्स फ्लॅग्ज ओहायो झाले. त्या एकाच वर्षात तिथे चार नवे रोलरकोस्टर उभे राहिले. २००१ च्या आरंभी सिक्स फ्लॅग्जने अनहायझर-बुश या कंपनीकडून समोरच्या काठावरचे सीवर्ल्डही ११ कोटी डॉलरला घेतले आणि राइड, पाण्याचे पार्क व सागरी प्राणी असे तिन्ही एका तिकिटात देऊ केले. त्या वर्षी सुमारे २७ लाख लोक आले. पुढे मात्र संख्या उतरणीला लागली.

माझ्या नकाशावरही पहिली काही वर्षे अशीच गेली, परंतु उतरण आली नाही, आणि इथे खेळाची पहिली मोठी मर्यादा दिसते. पार्कात किती लोक यावेत याचा अंदाज खेळ मुख्यतः राइडच्या संख्येवरून आणि दर्जावरून बांधतो. म्हणजे रोलरकोस्टर वाढवले की पाहुणे वाढतात, आणखी वाढवले की आणखी वाढतात. ते कुठून येतात, हा प्रश्न खेळाला पडत नाही. नकाशाच्या कडेवर ते उगवतात आणि चालू लागतात. क्लीव्हलँडच्या परिसराची लोकसंख्या तर त्या काळात घटत होती. जुन्या कारखान्यांच्या भागातील ठरावीक कुटुंबे उन्हाळ्यातील ठरावीक शनिवार-रविवार कुठे घालवतील, एवढ्यापुरतीच उद्यानांमधली स्पर्धा होती. अशा ठिकाणी दोन वर्षांत पाच नवे रोलरकोस्टर उभारले, तर पहिल्या वर्षी नवलाईने गर्दी होते. नंतर लोक तेवढेच राहतात आणि देखभालीचा खर्च मात्र कायमचा मागे लागतो.

दुसरी मर्यादा कॅलेंडरची. या खेळात वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संपते. ऑक्टोबर संपला की दुसऱ्याच दिवशी मार्च उजाडतो. हिवाळा नावाची गोष्टच नाही. सॉयर यांनी ही रचना बहुधा सोयीसाठी केली असावी आणि खेळ म्हणून ती योग्यच आहे, पण उत्तर ओहायोतील पार्काचा अर्धा हिशेब या गाळलेल्या महिन्यांत दडलेला असतो. फाटक बंद असते, उत्पन्न शून्य असते, आणि मालमत्ता कर, विमा, कायम नोकरांचे पगार व गाड्या सोडवून, तपासून पुन्हा बसवण्याचे काम चालूच असते. खेळातील आर्थिक खिडकीत राइडची उभारणी, चालवण्याचा खर्च, जमीन, सुशोभीकरण, पगार, जाहिरात, संशोधन आणि कर्जावरचे व्याज अशा ओळी आहेत. कर आणि विमा यांची ओळ मला त्यात सापडत नाही. शिवाय पावसाचा खेळातील परिणाम मजेदार आहे. उघड्या राइडकडे लोक पाठ फिरवतात, पण माहिती केंद्रातील छत्रीची किंमत वाढवून ठेवली की पावसात उलट कमाई होते. प्रत्यक्षातील प्रादेशिक पार्काचे जूनमधील दोन शनिवार-रविवार पावसात गेले, तर छत्र्या विकून ती भरपाई होत नाही.

या दोन उणिवा मी चीट्सच्या खिडकीतून, म्हणजे खेळाचे नियम आणि शिल्लक हाताने बदलू देणाऱ्या सोयीतून, काही अंशी भरून काढल्या. दर ऑक्टोबरअखेर शिल्लक रकमेतून एक मोठी रक्कम हाताने वजा करायची, आणि सुरुवातीलाच कर्ज इतके घ्यायचे की व्याजाचा आकडा पगारांच्या आकड्याजवळ जाईल. असे केल्यावर पार्काचे रूप पालटले. सुधारणा करायला पैसे उरेनात, मेकॅनिक कमी करावे लागले, तपासणीचे अंतर वाढवावे लागले, बिघाड वाढले, आणि पार्काचे मानांकन हळूहळू घसरले. सिक्स फ्लॅग्जची परिस्थिती याच जातीची होती. देशभर उद्याने विकत घेण्याच्या सपाट्यात कंपनीवर दोन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज झाले होते, आणि पुढे २००९ मध्ये तिला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले. तत्पूर्वी २००४ च्या वसंतात तिने युरोपातील बहुतेक उद्याने आणि ओहायोतील हे उद्यान विकायला काढले. जिऑगा लेक १४.५ कोटी डॉलरला सीडर फेअर या उद्याने चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेले. प्राणी सिक्स फ्लॅग्जकडेच राहिले, आणि हंगाम तोंडावर असल्याने बॅटमॅन, सुपरमॅन ही नावे घाईने उतरवून त्याच राइडना डॉमिनेटर, स्टील व्हेनम अशी नवी नावे देण्यात आली.

इथवरचे सारे खेळात कमीअधिक दाखवता येते. खरे कारण मात्र इथून पुढे सुरू होते आणि तिथे हा खेळ पूर्ण निरुत्तर आहे.

सीडर फेअरचे तेव्हाचे मुख्य उद्यान सीडर पॉइंट हे ओहायोतच, सँडस्की येथे, जिऑगा लेकपासून मोटारीने दीडेक तासाच्या अंतरावर आहे. म्हणजे २००४ पर्यंत जे दोन प्रतिस्पर्धी होते, ते त्या वर्षी एकाच मालकाच्या वहीतील दोन पाने झाले. क्लीव्हलँडच्या कुटुंबाने जिऑगा लेकऐवजी सीडर पॉइंट निवडले, तर पूर्वी एका कंपनीचे नुकसान आणि दुसरीचा फायदा होत असे; आता मालकाच्या एकूण जमेत फारसा फरक पडत नव्हता, उलट एका जागेचा खर्च वाचवण्याचा मोह तेवढा वाढत होता. नव्या मालकाने सुरुवातीला पैसे घातलेच नाहीत असे नाही. सीवर्ल्डच्या जागेवर २००५ मध्ये वाइल्डवॉटर किंगडम हे नवे जलउद्यान उभे राहिले. परंतु प्राणी गेले, ओळखीची नावे गेली, आणि वार्षिक उपस्थिती ७ लाखांच्या आसपास आली. त्यातच २००६ मध्ये सीडर फेअरने पॅरामाउंटची उद्याने १.२४ अब्ज डॉलरला घेतली. त्यांत सिनसिनाटीजवळचे किंग्ज आयलंड होते. म्हणजे एकाच राज्यात तिसरे मोठे उद्यान, आणि डोक्यावर नवे कर्ज.

त्या हंगामानंतर जिऑगा लेकमधील एक्स-फ्लाइट हा रोलरकोस्टर उतरवून किंग्ज आयलंडला नेण्यात आला आणि २००७ मध्ये फायरहॉक या नावाने सुरू झाला. स्टील व्हेनम पेनसिल्व्हेनियातील डॉर्नी पार्ककडे गेला. राइडचा आराखडा जतन करून दुसऱ्या पार्कात तोच पुन्हा उभारण्याची सोय ओपन आरसीटी २ मध्येही आहे, पण मूळ पार्कातील राइड जागची हलत नाही. तिथे ती तशीच राहते, इथे नवी बनते. खेळात आराखडा ही विनामूल्य नक्कल आहे. जिऑगा लेकमध्ये एका ठिकाणची गर्दी उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणे होते. ज्या पार्कातून मोठ्या राइड काढून नेल्या जातात, त्याची उपस्थिती पुढच्या वर्षी आणखी घटते, आणि मग त्याच घटलेल्या उपस्थितीकडे बोट दाखवून बंद करण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो. हा क्रम आधीपासून ठरलेला होता असे मी म्हणणार नाही. तो तसा ठरवण्याची गरजच नव्हती, कारण प्रत्येक टप्प्यावरचा निर्णय कंपनीच्या दृष्टीने वेगवेगळा पाहिला तर शहाणपणाचाच दिसतो.

१६ सप्टेंबर २००७ रोजी हंगामाचा शेवटचा दिवस झाला. तो पार्काचाच शेवटचा दिवस होता हे त्या दिवशी आलेल्यांना माहीत नव्हते. राइडचे पार्क कायमचे बंद करत असल्याची घोषणा २१ सप्टेंबरला झाली. जून २००८ मध्ये लिलाव झाला. १९२५ मध्ये बांधलेला बिग डिपर हा लाकडी रोलरकोस्टर त्या लिलावात ५,००० डॉलरला गेला, पण हलवला गेला नाही. तो जागेवरच झाडोऱ्यात उभा राहिला आणि २०१६ मध्ये पाडण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जलउद्यानही बंद झाले. खेळाच्या हिशेबाने बिग डिपरचे मोल फार पूर्वीच घटले असते, कारण राइड जुनी होत जाते तसे तिचे आकर्षण घटते असे त्याचे सूत्र आहे. ऐंशी वर्षांच्या लाकडी रोलरकोस्टरकडे आजोबा नातवाला घेऊन येतात, हे त्या सूत्रात बसत नाही. उलट राइड पाडल्यावर खेळ पैसे परत देतो ते पाहता, आपण ५,००० डॉलरच्या तुलनेत फारच उदार दुनियेत वावरतो आहोत असे वाटत राहते.

तेव्हा हा खेळ घ्यावा का? पार्कातील रस्ते, रांगा, तिकिटाचे दर, बिघाड आणि माणसांचा कंटाळा समजून घ्यायचा असेल, तर अवश्य घ्यावा; मुलांना धंद्याचा जमाखर्च शिकवायलाही तो उत्तम आहे. पार्क का बंद पडते हे त्यावरून शिकायला गेलात, तर मात्र उत्तर नेहमी फाटकाच्या आतच सापडेल: राइड जुन्या झाल्या, वाटा घाण झाल्या, लोक वैतागले. जिऑगा लेकच्या बाबतीत निर्णय फाटकाबाहेर, मालकाच्या एकत्रित ताळेबंदावर झाला, आणि एका मालकाची दोन उद्याने ही कल्पनाच मूळ खेळात नाही.

ज्यांना हा प्रयोग पुढे न्यायचा असेल त्यांच्यासाठी एक सोय सांगतो. ओपन आरसीटी २ मध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून प्लगइन, म्हणजे खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहिता येतात. हिवाळ्याचा खर्च दर वर्षअखेर आपोआप वजा करणारे प्लगइन लिहिणे नवख्यालाही जमण्यासारखे आहे, आणि त्यामुळे चीट्सची खिडकी दर वेळी उघडावी लागत नाही. शेजारच्या पार्काकडे वळणारे पाहुणे दाखवायचे असतील, तर पाहुण्यांची आवक वर्षागणिक थोडी थोडी कमी करत नेणे हा सोपा मार्ग आहे. तो करताना आवक एकदम निम्म्यावर आणू नये. तसे केल्यास खेळातील पार्क एका हंगामात कोसळते आणि जिऑगा लेकची काही वर्षांची उतरण पाहायची राहून जाते.