सायलेन्सरची खडखड: लिफ्टवर शोधावी की खड्ड्यावर?

बाहेरून बसवून घेतलेला स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर खडखडू लागला की दुरुस्ती कोणती करायची याच्या आधी गाडी कोणाकडे न्यायची हे ठरवावे लागते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या भागात दोन्ही सोयी हाताशी आहेत: दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट असलेली नवी वर्कशॉप आणि मेस्त्रीला गाडीखाली उतरता यावे म्हणून जमिनीत खड्डा असलेली जुनी गॅरेजे. माझ्या पेट्रोल हॅचबॅकचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्यापासून) मागचा सगळा पाइप आणि सायलेन्सर बदललेला आहे, आणि त्याच्या आवाजाचा माग काढण्यासाठी मी गाडी दोन्हीकडे नेलेली आहे.

लिफ्टची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. गाडी डोक्याच्या वर गेली की मेस्त्रीचे दोन्ही हात मोकळे राहतात, उजेड भरपूर मिळतो आणि पुढच्या फ्लँजपासून (बोल्टने आवळलेल्या सांध्यापासून) शेपटीपर्यंत पाइप एका नजरेत दिसतो. इंजिन थंड असताना सायलेन्सरवर मुठीने ठोसे मारले तर आतला सुटलेला पत्रा लगेच कळतो; हीट शील्डचे (पाइपची उष्णता अडवणाऱ्या पातळ पत्र्याचे) गंजलेले टाके हाताने हलवून पाहता येतात; पाइप ज्यावर टांगलेला असतो ते चिरलेले रबर आणि ढिला क्लॅम्प लपून राहत नाहीत. विशिष्ट रेसलाच येणारा बारीक पत्र्याचा थरथराट बहुधा हीट शील्डचा असतो. तो लाकडी काठी टेकवली की थांबतो, आणि हे काम लिफ्टवर जितके सोपे जाते तितके खड्ड्यात जात नाही. तुमचा आवाज थंड गाडीतही येत असेल, तर पुढचे न वाचता लिफ्टकडे जायला हरकत नाही.

माझी अडचण वेगळी होती. गाडी थंड असताना निमूट असे. गगनबावड्याच्या रस्त्याने तास-दीड तास चालवून, मागे दोन माणसे बसलेली असताना सिग्नलला थांबले की तळाखालून टकटक सुरू होई आणि रेस दिली की बंद होई. ही टकटक वर्कशॉपमध्ये लिफ्टवर कधीच आली नाही. गाडी वर गेली, चालू केली, रेस दिली, हलवून पाहिली, सगळे शांत. मग सर्व रबरे बदलावीत, सांधे वेल्ड करून टाकावेत, असे सल्ले मिळत, आणि त्यांचे बिलही होत असे. मला सर्वांत जास्त जाच या गोष्टीचा झाला: तक्रार खरी असूनही ती दाखवता येत नव्हती, आणि न दिसणाऱ्या दोषावर अंदाजाने पैसे जात होते.

याचे कारण मेस्त्रीच्या कौशल्यात शोधू नये. ते लिफ्टच्या रचनेतच आहे. दोन खांबांची लिफ्ट गाडीला चेसिसखाली आधार देऊन उचलते, त्यामुळे चारही चाके लोंबकळतात आणि मागचा टॉर्शन बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) चांगला खाली उतरतो. पाइप या बीमच्या वरून वळत असेल, तर दोघांमधले अंतर लिफ्टवर नेमके वाढते. रस्त्यावर माणसे बसली, डिकी भरली की बॉडी खाली दबते आणि तेच अंतर कमी होते. म्हणजे जिथे पाइप घासतो ती जागा लिफ्टवर आपोआप मोकळी होते. (पाइप बीमच्या खालून जात असेल तर गणित उलटे होते आणि प्रत्यक्षात नसलेला दोष लिफ्टवर दिसू शकतो.)

दुसरा भाग उष्णतेचा आहे. 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील दर 100 अंश सेल्सियसला एका मीटरमागे सुमारे 1.7 मिलिमीटर वाढते. कंपनीच्या पाइपमध्ये पुष्कळदा वापरले जाणारे 409 प्रतीचे स्टील सुमारे 1.1 मिलिमीटर. तीन मीटर पाइप सरासरी 200 अंशांनी तापला असे धरले, तर 304 चा नवा पाइप जवळजवळ 10 मिलिमीटर लांबतो आणि 409 चा मूळ पाइप 7 मिलिमीटरच्या आत राहतो. पुढचे टोक इंजिनला जखडलेले असल्यामुळे ही सगळी वाढ मागे सरकते. थंड गाडीवर माप घेऊन वाकवलेल्या पाइपला हा फरक पुरेसा होतो, आणि वर्कशॉपमध्ये रांगेत उभी राहिलेली गाडी तोवर निवलेली असते.

खड्ड्यावरचा अनुभव मात्र सरळ होता. गाडी रस्त्यावरून आली तशी गरमच खड्ड्यावर घेतली, चाके जमिनीवर, मागच्या सीटवर गॅरेजमधली दोन पोरे बसवली आणि मेस्त्री टॉर्च घेऊन खाली उतरला. इंजिन स्लोवर ठेवताच टकटक आली. पाइपच्या वळणावर, बीमच्या बरोबर वर, नखाएवढा पट्टा घासून आरशासारखा चकाकत होता, तर भोवतालचे स्टील तापून पिवळसर-तपकिरी झालेले होते. मेस्त्रीने वळणाखाली लाकडाची पाचर सरकवली आणि आवाज गेला. काढली तेव्हा पुन्हा आला. दोषाचे निदान झाले ते एवढ्यावरच. उपाय म्हणून मधला क्लॅम्प सैल करून पाइप थोडा फिरवला आणि गरम असतानाच पुन्हा आवळला.

खड्ड्याचे तोटे झाकण्यात अर्थ नाही. उजेड कमी, जागा अडचणीची, मान वर करून काम करावे लागते आणि वेल्डिंग तर तिथे करूच नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचते, आणि चालू इंजिनचा धूर बंद शेडमध्ये जिवावर बेतू शकतो. म्हणून शेड दोन्ही बाजूंनी उघडी असेल, चाकांना अडण्या लावल्या जात असतील, आणि गाडी गिअरमध्ये असताना खाली कोणी थांबत नसेल, अशाच ठिकाणी जावे. इंजिन झोक्याने हलताना पाइप कुठे आपटतो हे पाहायचे असेल, तर ते बाजूला उभे राहून पाहावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही मोठी वर्कशॉप बदललेल्या सायलेन्सरला हात लावायला नाखूश असतात, आणि त्यांची भूमिका चूक म्हणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करते, आणि कलम 190(2) खाली आवाजाची मर्यादा मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या गॅरेजमध्ये हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण त्यामुळे तो सुटत नाही.

मधला मार्गही आहे. व्हील अलाइनमेंटसाठी ठेवलेल्या चार खांबांच्या रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी राहते, त्यामुळे लिफ्टचा उजेड आणि खड्ड्याचे खरे अंतर दोन्ही मिळतात. वर्कशॉपकडे तो असेल तर मला वाटते खड्डा शोधत फिरण्याची गरज नाही; फक्त गाडी गरम असताना घ्या आणि मागे माणसे बसवू द्या, असे आधीच सांगून वेळ ठरवावी. रॅम्प नसेल आणि तुमचीही खडखड गरम, भरल्या गाडीतच येत असेल, तर मी आधी खड्ड्यावर जाईन, घासल्याची खूण सापडली की तिचा फोटो काढीन आणि वेल्डिंगची गरज लागलीच तर तो फोटो दाखवून लिफ्टवाल्याकडे जाईन. तोपर्यंत सांधे क्लॅम्पवरच असू द्यावेत. वेल्ड केलेला पाइप अर्धा सेंटिमीटर फिरवायचा झाला तरी आधी कापावा लागतो.