रेकॉर्डिंगचा मिक्सर लाइव्ह साउंडला: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने 12 ट्रॅक रेकॉर्ड करणारा एक डिजिटल मिक्सर छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांना वापरतोय. गायक, दोन गिटार, कीबोर्ड, ड्रमवर तीन-चार माइक, एवढा पसारा. घरच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेला मिक्सर स्टेजवर चालेल का, हे मला वरचेवर विचारलं जातं. चालतो, आणि रेकॉर्डिंगमुळेच लाइव्हचा आवाज सुधारतो, असं माझं आता ठाम मत आहे.

आधी गेनचं, म्हणजे माइकचा सिग्नल आत येताना किती वाढवायचा त्याचं. यात सिग्नल प्रीअँपनंतर (सिग्नल वाढवणारा पहिला भाग), पण इक्यू (आवाजाचा पोत बदलणारा भाग) आणि फेडरच्या (लेव्हल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) आधीच मेमरी कार्डावर जातो. फेडर कितीही खाली-वर केला तरी रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. गेन मात्र जरासा हलवला की रेकॉर्डिंग, मेन स्पीकर, प्रत्येकाचा मॉनिटर (कलाकाराला स्वतःचं ऐकू यावं म्हणून दिलेला स्पीकर किंवा हेडफोन), सगळंच हलतं. म्हणून कार्यक्रम सुरू झाला की गेनला हात लावायचा नाही. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, गायक हातचं राखून गातात आणि समोर प्रेक्षक आले की आवाज चढतो, हे धरून मी साउंडचेकला पीक, म्हणजे सिग्नलची सगळ्यात वरची टोकं, उणे 18 ते उणे 12 डीबीच्या दरम्यान ठेवतो (शून्य डीबी ही कमाल मर्यादा). 24 बिटमध्ये एवढी जागा सोडली तरी काही बिघडत नाही. कमी लेव्हलचा ट्रॅक नंतर वाढवता येतो, प्रीअँपलाच फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

आता याचा सगळ्यात मोठा फायदा. साउंडचेकचं एक गाणं रेकॉर्ड करून घ्यायचं, बँडला चहाला पाठवायचं आणि चॅनेलवर माइकऐवजी कार्डावरचा ट्रॅक घ्यायचा. तेच गाणं त्याच चॅनेलमधून, त्याच स्पीकरवर वाजतं आणि मला हॉलभर फिरून ऐकता येतं. शेवटच्या रांगेत बेस घुमतोय का, शब्द कळतायत का, हे मिक्सरपाशी बसून कधीच नीट कळत नाही. यात दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. माइक बंद असल्यामुळे तेव्हा शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक) वाजत नाही, म्हणून मेनची लेव्हल ऐकताना ठरवली त्यापेक्षा थोडी खालीच धरायची. आणि ड्रमचा स्टेजवरून थेट येणारा आवाज तेव्हा नसतो, त्यामुळे ड्रम कमी वाटतात. ते वाढवण्याचा मोह टाळायचा, नाहीतर बँड परत आल्यावर ड्रमच ड्रम ऐकू येतात.

खरी डोकेदुखी मॉनिटरची. प्रत्येकाला वेगळा हेडफोन मिक्स मिळतो आणि इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) वापरणाऱ्यांना ते वरदान आहे. पण स्टेजवर मॉनिटर स्पीकर ठेवायचे असतील तर हा आउटपुट स्टीरिओ हेडफोनचा आहे, हे ध्यानात हवं. त्यातून साधी स्टीरिओ जॅकची केबल पॉवर्ड स्पीकरच्या (ज्यात अँप्लिफायर आतच असतो) बॅलन्स्ड इनपुटला जोडली की गायकाचा आवाज जवळजवळ गायब होतो. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा घेतो. मधोमध ठेवलेला (पॅन केलेला) आवाज डावीकडे-उजवीकडे सारखाच असतो, म्हणून तो कटतो आणि मागे रिव्हर्बचा, म्हणजे घुमणाऱ्या पडसादाचा, पसारा उरतो. अशा वेळी माणूस माइक बदलतो, स्पीकर बदलतो, पण केबलकडे त्याचं लक्ष जात नाही. मी स्टीरिओतून दोन मोनो काढणारी केबल लावतो आणि डावी बाजू तेवढी स्पीकरला देतो.

आउटपुटवर 31 बँडचा ग्राफिक इक्यू (31 फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या कमी-जास्त करणारा) नाही, ही उणीव जाणवते. शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी मग चॅनेलवरच कापावी लागते आणि मॉनिटरचं दुखणं मेन स्पीकरलाही सोसावं लागतं. बाहेरून वेगळा ग्राफिक जोडला की प्रश्न सुटतो. चॅनेलवरचा एका नॉबचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लेव्हल समान ठेवणारा) रेकॉर्डिंगला छान वाटतो, पण लाइव्हला जपून वापरावा, कारण गायक थांबला की तो दाब सोडतो आणि नेमका तेव्हाच माइक शिट्टी मारतो.

सीन, म्हणजे मिक्सरची सगळी सेटिंग्ज, सेव्ह होतात, पण फेडरना ते आपोआप हलवणारी मोटर नाही. सीन बदलला की फेडर दिसतो एका जागी आणि लेव्हल असते दुसरीकडेच. गाण्यांच्या मधे सीन बदलायची सोय म्हणूनच मी वापरत नाही.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला एक ट्रॅक तासाला साधारण 520 एमबी खातो, म्हणजे 12 ट्रॅकना सव्वासहा जीबीच्या आसपास. वीज गेली तर चालू फाइल नीट बंद होत नाही, तेव्हा मिक्सर छोट्या यूपीएसवर असलेला बरा. मी मध्यंतराला रेकॉर्डिंग थांबवून नवी फाइल सुरू करतो.

स्टेजवर चारपेक्षा जास्त मॉनिटर स्पीकर लागणार असतील तर हा मिक्सर घेऊ नका, स्टेजबॉक्सवाला (स्टेजवरच माइक जोडायची पेटी असलेला) लाइव्ह मिक्सरच बघा. पाच-सहा जणांच्या इन-इअरवाल्या बँडला मी हाच सुचवेन.