पीसीच्या ड्रायव्हरचं दुखणं असेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या या पोटमाळ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात न्या

चार तारे. पाचवा का कापला ते खाली सांगते.

माझा पीसी भंगारातून उभा केलेला आहे. बंद पडलेल्या एका ऑफिसच्या सामानातला क्यू८७ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, भाच्याच्या मेलेल्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड ॲडॉप्टरवर चढवलेलं आणि कॅबिनेट चोरबाजारातलं. मी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरशिवाय माझं चालत नाही, म्हणून विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही, हे मला माहीत आहे. कृपया कोणी शिकवायला येऊ नका.

विंडोज चढलं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे पीसीच्या भागांच्या यादीत, पिवळ्या उद्गारचिन्हांची रांग: त्या भागांना चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे ड्रायव्हर, नाहीत. वायफाय नाही, ब्लूटूथचा तर पत्ताच नाही. त्याच रस्त्यावरच्या एका दुकानात ‘बोर्डच गेलाय, नवा घ्या’ असं ऐकून मी इथे आले.

इथल्या दादांनी फॉरमॅटचं नाव काढलं नाही की ते ‘स्कॅन फुकट, दुरुस्तीला पैसे’वालं ड्रायव्हर अपडेटरही टाकलं नाही. एकेका चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. “हे बघा ताई, व्हेनच्या पुढे कंपनी, डेव्हच्या पुढे पार्ट. ८०८६ म्हणजे इंटेल.” १९७८ च्या प्रोसेसरचा आकडा कंपनीने स्वतःची खूण म्हणून ठेवलाय, ही गंमत मला तिथे कळली.

मग फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट पीसीला दिलं, आणि विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्समधून ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ आणि ‘पीसीआय सिरियल पोर्ट’ मार्गी लावले. नावं मोडेम-प्रिंटरची वाटतात, पण दोन्ही इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनची पिल्लं. मोठ्या ऑफिसांत आयटीवाल्यांना लांबून मशीन हाताळता यावं म्हणून असतात. माझ्या पत्रिकांना त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण यादी स्वच्छ झाली. एक ‘अननोन डिव्हाइस’ उरलं होतं, आयडी आयएनटी३३ए०. त्याला ड्रायव्हर टाकलाच नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन स्मार्ट कनेक्ट (झोपलेल्या मशीनला अधूनमधून उठवणारी इंटेलची सोय) बंद केलं, चिन्ह गायब.

वायफायचा आयडी १४ई४, म्हणजे ब्रॉडकॉम. कार्डावरचा स्टिकर भिंगातून वाचून ज्या लॅपटॉपचं ते कार्ड, त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला.

ब्लूटूथसाठी मात्र दादांनी माउस बाजूला ठेवून स्क्रू-ड्रायव्हर घेतला. अशा कार्डाचं वायफाय मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेवरून चालतं, पण ब्लूटूथला यूएसबीची जोडणी लागते. त्यासाठी ॲडॉप्टरवरून मदरबोर्डच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला जाणारी बारीक वायर लावलेलीच नव्हती. जोडलेलं नसेल तर विंडोजला काही दिसतच नाही, मग उद्गारचिन्ह तरी कुठून येणार! ड्रॉवरमधल्या डब्यातून वायर शोधून लावली आणि मशीन चालू करताच ब्लूटूथ हजर. वायरीचे पन्नास, मजुरीचे चारशे.

शेवटी सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून माझ्या पेनड्राइव्हवर दिले. न मागता. विंडोज पुन्हा टाकावं लागलं तर इथवर यायला नको म्हणून. स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारा दुकानदार मुंबईत विरळाच.

आता पाचवा तारा. बिल मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे रक्कम लिहून देतात. जिना लोखंडी, उभा आणि जेमतेम एका माणसाचा, कॅबिनेट घेऊन चढताना वरचा माणूस उतरेपर्यंत थांबावं लागतं. संध्याकाळी गेलात तर तुमच्या आधी चार कॅबिनेट उघडी पडलेली असतात आणि बसायला एकच स्टूल. सकाळी दुकान उघडताच जा, रविवारी जाऊ नका, आणि पार्ट जुन्या मशीनमधले असतील तर कुठल्या मशीनमधला कुठला, ते कागदावर लिहून न्या. दादा पहिलं तेच विचारतात.